अंगाच्या पुढे पळालेली मुलगी

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. आजवर कुणाचा बसलेला नाही. ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली तो आधी हसला, मग गप्प झाला, आणि उठताना छातीवर हळूच हात ठेवून आत सगळं जागच्या जागी आहे ना ते चाचपून गेला. तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. धाकट्या वहिनी, तुम्ही घाला कपड्यांच्या घड्या, पण एक कान इकडे ठेवा. तुमचा कान असला की मला जपून बोलावं लागतं.

"जपून म्हणजे कमी फेकावं लागतं म्हणा की भाऊजी," वहिनी म्हणाली.

बरं, तसं म्हणा.

तर एक मुलगी होती. अंगानं बारीक, वागायला सरळ, आणि एकदा एखाद्या गोष्टीत रुतली की ओढून काढली तरी निघत नसे. म्हणून तिचं नाव पडलं टाचणी. नाव ठेवलं आत्यानं. आईबाप लहानपणीच गेलेले, पोरीला वाढवलं ते या आत्यानं. आत्या शिवणकाम करायची. घरभर टाचण्या, त्यात ही एक. पोरगी बारावीला चमकली तेव्हा आत्या तिला म्हणाली, "मी जन्मभर माणसं वरून झाकली. तू आतून बघ." झालं. टाचणी डॉक्टर व्हायला निघाली.

तिला जागा मिळाली होती ती निव्वळ हुशारीवर. अशा जागेला अट असते. एका परीक्षेत पडलीस की जागा दुसऱ्याची. दारात रांग उभीच असते.

पहिल्या वर्षाचा मोठा विषय म्हणजे माणसाचं शरीर. पेशीपासून सुरुवात, पेशींच्या ऊती, ऊतींचे अवयव, अवयवांच्या संस्था, असं चढत जायचं. शिकवणारे सर डोक्यानं तुळतुळीत, गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. हातात खऱ्या कवटीचा नमुना घेऊन शिकवायला उभे राहिले की मागच्या बाकावरच्यांना दोघांतला बोलतोय कोण हे ओठ हलल्यावरच कळायचं. पोरं त्यांना कवटीसर म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचं.

शवविच्छेदनाचा हॉल तळमजल्यावर. उंच खिडक्या, खालच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या. पोलादी टेबलं, प्रत्येकाखाली एक बादली, आणि औषधाचा असा वास की घरी येऊन जेवायला बसलं तरी बोटांतून येत राहायचा. प्रत्येक टेबलावर एक देह आणि भोवती पोरांचा एक घोळका. टाचणीच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ होते, शांत चेहऱ्याचे. पोरं त्यांना मामा म्हणायची. सकाळी आल्यावर "मामा, येतो हं आत" म्हटल्याशिवाय कुणी सुरीला हात लावत नसे.

टाचणीच्या शेजारी उभा राहायचा ढोल्या. आडवा, हसरा, पहिल्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलेला. मामांच्या शेजारी उभं राहून तो इतका घाम गाळायचा की कवटीसर म्हणायचे, "ढोल्या, दोघांत ताजातवाना कोण दिसतोय ते आरशात बघ."

आता नीट ऐका. सगळी मेख पुढे आहे.

कवटीसरांची परीक्षा घ्यायची एक रीत होती, त्यांच्या गुरूपासून चालत आलेली. मामांवर ते शिकवायचे, पण परीक्षा मामांवर घ्यायचे नाहीत. "मेलेल्यावर सगळ्यांनाच सापडतं," म्हणायचे. "तो कुठे हलतोय? जिवंतावर दाखव." म्हणून परीक्षा व्हायची पोरांच्या स्वतःच्या अंगावर. हातात निळी पेन्सिल द्यायची, बाही वर करायची, आणि सांगायचं: हा स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, काढ रेघ. आता तो हलव. आता थांबव. पोरं घरी एकमेकांचे दंड दाबून, मनगटं पिरगाळून सराव करायची. महिनाभर सगळ्यांच्या अंगावर निळ्या रेघा. लोकांना वाटायचं मारामारी करून आलेत.

सुरुवात झाली पेशींपासून. टाचणीनं बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. लाल पेशी नुसत्या तरंगत होत्या. त्यांच्यात एक पांढरी मात्र अंग पुढे ढकलत, मागचं ओढून घेत, हळूहळू सरकत होती. बोटातून बाहेर आली तरी तिला अजून कळलं नव्हतं की घर सुटलंय. टाचणी बराच वेळ बघत बसली. मग तिला अंदाज येऊ लागला. आता डावीकडे वळेल. वळली. आता थांबेल. थांबली. मग तिनं अंदाज सोडला आणि मनातल्या मनात म्हटलं, उजवीकडे.

पेशी उजवीकडे गेली.

"ढोल्या, इकडे ये. ही माझं ऐकते."

ढोल्यानं डोळा लावला. "अगं, ती कुठेतरी जाणारच ना? मीही रोज कुठेतरी जातो. म्हणून काय तू सांगशील तिथे जातो?"

"काल चहा आणायला कोण गेलं होतं?"

"ते वेगळं," ढोल्या म्हणाला, पण त्यानं डोळा काढला तो पुन्हा लावला नाही.

तिथेच थांबली असती तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं? पण टाचणी ती. तिला वाटलं, बाकीची पोरं स्नायूंची नावं पाठ करतात, मी स्नायूला कामावर असताना पकडेन.

पहिली पाळी आली पापणीची. आत्याकडे गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायला एक उंच आरसा होता. टाचणी त्याच्यासमोर ठाण मांडून बसली. पण पापणीची गंमत अशी की ती मिटते नेमक्या त्या क्षणी बघणारा डोळा बंद. चोर पळतो तेव्हाच पहारेकऱ्याची डुलकी. कितीदा प्रयत्न केला, हाती काही लागेना. मग तिनं ठरवलं की पापणीच्या मागे पळण्यात अर्थ नाही, पुढे पळायचं. पापणी मिटायच्या किंचित आधी आपणच मिटायची. तिची वेळ ओळखायची आणि ती यायच्या आत काम उरकायचं. दोन संध्याकाळी गेल्या, आणि जमलं. अंगाच्या आधी ती तिथे पोचली.

परीक्षेत तिनं डोळ्याभोवतीचा स्नायू असा दाखवला, वरची पापणी वेगळी, खालची वेगळी, कोपरा वेगळा, की कवटीसरांच्या चेहऱ्यावर माणसासारखा रंग आला. "शाबास. याला म्हणतात शरीर ताब्यात असणं."

दुसऱ्या दिवशी वर्गात ढोल्या तिच्याकडे वळून कुजबुजला, "अशी काय बघतेस? सापासारखी?"

टाचणीचे डोळे लाल झाले होते, पाण्यानं भरून वाहत होते. तिनं मिटले, बरं वाटलं. उघडले. मग ती वाट बघत राहिली. पापणी पुन्हा मिटायची वाट. डोळे चुरचुरले, जळायला लागले, फळ्यावरची अक्षरं विरघळली. पापणी आपण होऊन मिटली नाही.

घराघरात हे घडतं बघा. सून मुकाट्यानं स्वयंपाक करत असते. सासू येते आणि हातातली पळी काढून घेते. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा सून पदर खोचत नाही, ओट्याजवळ येतच नाही. म्हणते, मग करा तुम्हीच. शरीर अगदी तसंच मानी असतं. जन्मल्यापासून न बोलता राबतं, पण हातातलं काम एकदा काढून घेतलं की पुन्हा मागायला येत नाही.

"सासूचा दाखला बरा सुचला," वहिनी म्हणाली. "चालू द्या."

तर पापणी गेली. टाचणीला ती दर थोड्या वेळानं आठवणीनं मिटावी लागायची, दुधावर लक्ष ठेवावं तशी. झोपताना बोटांनी मिटून घ्यायची. ती घाबरली नाही असं नाही, पण त्या भीतीत एक गोडीही होती. आतली एक चावी आपल्याकडे आली होती ना.

पुढे पचनसंस्था. घास घशाखाली कसा उतरतो, अन्ननलिका त्याला मुठीमुठीनं कशी खाली सरकवते, जठर त्याला कसं घुसळतं. तिनं ठरवलं होतं, या वेळी फक्त मामांच्या पोटावर शिकायचं. मामांचं जठर हातात घेऊन तिनं सगळ्या घड्या तपासल्या. पण परीक्षा आली की कवटीसर पाण्याचा पेला हातात देऊन विचारणार, "गीळ. कुठे पोचलं? आता कुठे?" आणि टाचणीचं मन, त्याला तरी काय करणार, पाण्याच्या पुढे धावायचं. परीक्षा झाली, शाबासकी मिळाली, आणि त्या दिवसापासून जेवण हे काम होऊन बसलं. खाल्लेलं घुसळायला विसरली तर ते तसंच बसून राहायचं, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखं. दुपारच्या तासाला ती कपाळाला आठी घालून बसायची. शिकवणाऱ्यांना वाटायचं, केवढं लक्ष देते पोरगी!

एकदा हॉलमध्ये सगळे पांगल्यावर ती मामांच्या उशाशी उभी राहिली. मामांचे डोळे अर्धे उघडे, घसा मोकळा, पोट सपाट. तिला पहिल्यांदा त्यांचा हेवा वाटला. मामांनी सगळी कामं खाली ठेवली होती. मग तिच्या मनात आलं, यांनीही कधीतरी एखादं काम हातात घेतलं असेल का? घेतलं आणि एकदा विसरले असतील? तिनं झटकन पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि दिवा तसाच ठेवून बाहेर पळाली.

मग आली श्वसनसंस्था.

तुम्ही विचाराल, एवढं कळल्यावर ती गेलीच कशाला? अहो, हुशार माणसाला पडणं ठाऊक नसतं. तोल कसा सावरायचा ते त्याला येतं, खाली कसं बसायचं ते येत नाही. तिला वाटलं, पापणी सांभाळली, पोट सांभाळलं, हेही सांभाळू.

कवटीसरांनी तिला स्वतःच्या फासळ्यांखाली पेन्सिल टेकवायला सांगितली. "श्वासपटल. छातीचा तळ आणि पोटाचं छप्पर. घे श्वास. किती खाली उतरलं? सोड. घे. सोड." चौथ्या की पाचव्या श्वासाला ती पुढे गेली. तिलाच कळलं. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय हवेत पडावा, तसं आत काहीतरी रिकामं झालं. सर म्हणाले, "उत्तम." आणि हॉलभर पोरांचं श्वास घेणं चालू असताना तिचा एकटीचा बंद होता. ती उभी राहिली. वाट बघितली. मग स्वतःच घेतला.

घरी जाईपर्यंत तिला एकच काम. आत घे, बाहेर सोड. रस्ता ओलांडताना गाडी बघायची की श्वास घ्यायचा, दोन्ही एकदम जमेना. ओलांडून झाल्यावर खांबाला धरून धापा टाकल्या. आणि चालता चालता तिला कळलं की खरी भीती रस्त्याची नाही, झोपेची आहे.

आत्या पायमशीनवर बसली होती. कुणाचे तरी लांबच लांब पडदे शिवायचे होते. टाचणी येऊन तिच्या पायाशी बसली, मशीनच्या लोखंडी कठड्याला पाठ टेकून. दमली होती. आत्या टीप घालायची, कापड पुढे ओढायला थांबायची, परत टीप घालायची. घर्रर्र, थांब. घर्रर्र, थांब. कठडा पाठीत थरथरायचा आणि शांत व्हायचा. टाचणीचा डोळा लागला.

मग दोरा तुटला. आत्यानं सुई डोळ्याजवळ आणून दोरा ओवायला घेतला. ओवता ओवता म्हणाली, "बये, ऊठ, तोंड तरी धू." उत्तर नाही. खाली बघते तर पोरीचे ओठ जांभळे.

आत्यानं तिला खांद्याला धरून असं हलवलं की टाचण्यांची डबी उलटली. टाचणी खडबडून जागी झाली आणि पाण्यातून वर आल्यासारखा श्वास ओढला.

"काय झालं तुला? घास अडकला? बोल ना कार्टे!"

टाचणीनं सगळं सांगितलं. आत्यानं हसून विचारलं नाही की खरं का गं. ती मशीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मशीन चालत होतं तोवर घेत होतीस. मला पायाला लागत होता तुझा श्वास."

आणि तसंच होतं. टीप चालली की श्वास आत, थांबली की बाहेर. झोपेत ती कठड्याच्या थरथरण्यामागे जात होती. जे काम अंगानं टाकलं होतं ते मशीननं उचललं होतं.

तेव्हापासून आत्याचे दिवस-रात्र उलटे झाले. पोरगी कॉलेजात गेली की आत्या झोपायची. पोरगी झोपली की आत्या शिवायची. शेजारीपाजारी म्हणत, आत्याबाईंचा धंदा जोरात आहे! काम नसलं तरी शिवायची. शिवलेलं उसवायची आणि परत शिवायची. पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या. कधी दोरा संपला तर नुसती सुई चालवायची, कापडावर बारीक बारीक भोकांची ओळ पडत जायची. एकदा तिला क्षणभर डुलकी लागली. जागी झाली ती कशानं, तर समोर एकदम शांत झाल्यानं. तिनं पाय असा मारला की पट्टा निसटता निसटता राहिला.

आणि पुढच्या सोमवारी होती रुधिराभिसरण संस्थेची परीक्षा. म्हणजे हृदय.

"तू नापास हो," आत्या म्हणाली.

"आत्या!"

"आत्या काय? सरळ जा, उभी राहा, तोंड उघडू नकोस. पड आणि ये घरी. काज-बटणं कर माझ्याबरोबर."

"तूच म्हणालीस ना, आतून बघ म्हणून?"

"बघ म्हटलं होतं. चालव म्हटलं नव्हतं."

टाचणी हळूच म्हणाली, "जागा जाईल गं माझी."

"जागा गेली तर दुसरी मिळेल. नाही मिळाली तर नाही मिळाली." आत्यानं तिची हनुवटी वर केली. "सोन्या, श्वास थांबला तर मला हलवून उठवायला वेळ मिळतो. ते थांबलं तर मला वेळ मिळेल का? तूच सांग. तू शिकली आहेस."

टाचणीनं आत्याच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवून कबूल केलं: पुस्तक उघडणार नाही, मामांच्या छातीत हात घालणार नाही, सर काय विचारतील ते विचारोत, मी मुकी राहीन. पडेन आणि येईन. आणि तिनं ते पाळलं, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो. पुस्तक बंद ठेवलं. मामांची छाती उघडली त्या दिवशी ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. ढोल्यानं विचारलं, "हे काय गं, माझ्या जागेवर डोळा आहे का? नापास व्हायची जागा माझी."

तिनं त्याला सांगून टाकलं. ढोल्या हसायला लागला, आणि मध्येच थांबला. तिची छाती त्यानं बघितली. कुणाची छाती इतक्या नेमानं, इतक्या ठरवून वरखाली होत नाही.

सोमवार उजाडला. टाचणीचा नंबर आला. ती उभी राहिली, ओठ घट्ट मिटून.

"हृदयाचे कप्पे सांग," कवटीसर म्हणाले.

ती गप्प.

"झडपा?"

ती गप्प. मागे पोरं चुळबुळायला लागली. सरांनी तिच्याकडे बघितलं. वर्षभरात तिचं एक उत्तर चुकलं नव्हतं. त्यांना वाटलं पोरगी घाबरलीय, आणि त्यांना तिची दया आली. दया आली, बघा! रागावले असते तर बरं झालं असतं. शून्य देऊन हाकललं असतं तर ती पळत घरी गेली असती.

"बरं, तू काही बोलू नकोस," ते मऊ आवाजात म्हणाले. "फक्त ऐक." आणि त्यांनी आपला स्टेथोस्कोप काढून तिच्या कानात घातला, आणि त्याची थाळी तिच्याच छातीवर, डाव्या बाजूला टेकवली.

तिनं स्वतःचं हृदय कधी ऐकलं नव्हतं. थंड थाळी लागली आणि कानात एकदम कुणीतरी चालू लागलं. लब, डब. लब, डब. अंधाऱ्या घरात वरच्या मजल्यावर कुणी येरझाऱ्या घालाव्यात तसं. तिनं मन दुसरीकडे वळवलं. आत्याची मापं आठवली. बाही, गळा, छाती... छाती नको. कंबर. लब, डब. तिनं छतावरचे डाग मोजायला घेतले. लब, डब. पण मनाला पुढे पळायची सवय लागली होती, आणि सवयीचं घोडं लगाम बघत नाही. आता पुढचा पडेल. पडला. आता पुढचा. पडला. आता...

तो तिनं दिला.

आणि मग कानात काहीच आलं नाही.

हॉल होता तिथेच होता. खिडकीची पांढरी काच, मामांची उघडी छाती, सरांचे खोल डोळे. फक्त वरच्या मजल्यावरचं माणूस मध्येच उभं राहिलं होतं आणि तिच्याकडे बघत होतं. घे आता तूच.

तिनं घेतलं. वरचे कप्पे आवळले, मग खालचे. लब, डब. पुन्हा. पुन्हा. मध्ये श्वास. पुन्हा. डोळे चुरचुरले, पण पापण्यांना वेळ नव्हता. उजव्या हाताची मूठ आपोआप मिटू-उघडू लागली.

ढोल्याला ती मूठ दिसली. त्याचा घाम जागच्या जागी गार झाला. त्यानं मामांच्या टेबलावरचा चिमटा उचलला आणि पोलादी ताटलीवर वाजवायला लागला. टक-टक. टक-टक.

"ढोल्या! काय आहे हे?"

"माशी, सर."

"इथे माशी? एवढ्या औषधात?"

"मरायला आलीय, सर," ढोल्या म्हणाला आणि वाजवत राहिला. टाचणीला आधार मिळाला. त्या टकटकीवर हृदय टांगून तिनं जीभ मोकळी केली आणि कप्पे सांगितले, झडपा सांगितल्या, कुठली कधी मिटते ते सांगितलं. दुसरं करणार काय, आता सगळं तिच्या हातातच होतं. सरांनी टाळी वाजवली. पास.

घरी दोघं चालत गेले. ढोल्या कुंपणाच्या गजांवर वाजवत गेला, खांबांवर वाजवत गेला, खांब नसेल तिथे स्वतःच्या पोटावर. लोक हसत होते. दारात आत्या उभी होती. पोरीचा चेहरा बघून ती दारातून बाजूला झाली.

"आत्या, आता हे तुमच्याकडे," ढोल्या म्हणाला, पोटावर वाजवतच.

आत्या मशीनवर बसली. टाचणी कठड्याला टेकली. ती इतकी दमली होती की डोळे बोटांनी मिटायचेही त्राण नव्हते; ते ढोल्यानं मिटले. आणि आत्यानं काय केलं असेल? तीही कच्ची नव्हती. तिनं मशीनच्या पायपट्टीवर पाय ठेवले. टाच, चवडा, टाच, चवडा: तो झाला ठोका. वर टीप चालली की श्वास आत, टीप थांबली की श्वास बाहेर. एका मशीनवर दोन्ही कामं! घर्रर्र, थांब. घर्रर्र, थांब. आणि टाचणी झोपली. गाढ झोपली. दिवस उजाडला तेव्हा आळस देऊन उठली, तोंड धुतलं, आणि पुढे पाचही वर्षं अशीच पहिली येत मोठी डॉक्टरीण झाली. आजही कुठेतरी दवाखाना चालवते आणि...

"थांबा भाऊजी." वहिनीच्या हातातली घडी तशीच राहिली. "टीप थांबली की श्वास बाहेर, म्हणालात ना?"

हो.

"आणि पाय चालला की ठोका?"

हो, हो.

"अहो, मी मशीनवर बसलेली बाई आहे. पाय चालतो म्हणून टीप चालते. टीप थांबवायची तर पाय थांबवावा लागतो. मग दर श्वासाला आत्या थांबायची, तेव्हा त्या पोरीचं हृदय कोण चालवत होतं?"

वहिनीनं घडी बाजूला ठेवली.

"डॉक्टरीण झाली म्हणे," वहिनी म्हणाली. "खोटं बोलताय तुम्ही, भाऊजी. ती सकाळी उठलीच नाही."